कृत्रिम पाय कसा निवडावा आणि कसा वापरावा: सुरुवात सॉकेटपासून

माझा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, त्याला आता अकरा वर्षे होतील. एवढ्या काळात पाच सॉकेट आणि तीन प्रकारची पावले वापरून झाली, आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या माणसांच्या घरी जाऊन बोलण्याचे प्रसंगही पुष्कळ आले. बहुतेक घरांत पहिला प्रश्न तोच असतो: सर्वांत चांगला पाय कोणता, आणि त्याला किती पैसे पडतील? घरातला एखादा तरुण मुलगा मोबाइलवर कार्बन फायबरच्या पात्यांवर धावणाऱ्या खेळाडूची चित्रफीत दाखवतो आणि 'बाबांना असाच पाय बसवून घेऊ' म्हणतो. त्या मुलाची तळमळ मला कळते, पण माझे उत्तर पावलापासून सुरू होत नाही. कृत्रिम पायाचा जो भाग शरीराला प्रत्यक्ष लागतो, ज्यात उरलेला पाय जातो आणि ज्यावर सगळा भार येतो, ते सॉकेट नीट बसले नाही तर खाली कितीही महागडे पाऊल लावले तरी तो पाय महिन्याभरात कपाटामागे उभा राहतो. सॉकेट नीट बसले असेल, तर साध्या रबरी पावलावर माणसे दिवसभर शेतात राबताना मी पाहिली आहेत. म्हणून इथे क्रमही तसाच ठेवला आहे.

पाय येण्याआधीचे दोन-तीन महिने

कापल्यानंतर उरलेल्या भागाला दवाखान्यात सगळेच 'स्टंप' म्हणतात, तोच शब्द इथे वापरतो. शस्त्रक्रियेनंतर स्टंप सुजलेला असतो आणि त्याचा आकार खालच्या टोकाला फुगीर असतो. अशा स्थितीत माप दिले तर सूज उतरल्यावर ते सॉकेट सैल पडणार हे ठरलेलेच आहे. टाके निघून जखम पूर्ण भरली, की क्रेप बँडेज बांधणे हे रोजचे मुख्य काम समजावे. गुडघ्याखालच्या स्टंपला साधारण चार इंची आणि मांडीच्या स्टंपला सहा इंची पट्टी लागते. ती गोल गोल गुंडाळू नये. तिरपी नेत, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेढे द्यावेत, टोकाशी ताण जास्त आणि वर जाताना कमी ठेवावा. वरचा वेढा घट्ट आणि खालचा सैल झाला तर सूज टोकाकडेच कोंडते आणि स्टंपचा भोपळा होतो. पट्टी दिवसातून चार-पाच वेळा सोडून पुन्हा बांधावी लागते, कारण ती सरकतेच. ठणका लागला, मुंग्या आल्या किंवा त्वचा निळसर दिसली, तर ताबडतोब सोडावी. मधुमेहाच्या किंवा रक्तपुरवठा कमी असलेल्या रुग्णांनी किती ताण द्यायचा हे डॉक्टरांकडून प्रत्यक्ष करून पाहूनच शिकावे.

दुसरी गोष्ट घरच्यांसाठी. मायेपोटी आपण गुडघ्याखाली उशी ठेवतो, आणि तिथेच मोठे नुकसान होते. गुडघा किंवा खुबा आठवडे-दोन आठवडे वाकलेल्या स्थितीत राहिला तर सांध्यामागचे स्नायू आखडतात, आणि जो गुडघा सरळ होत नाही त्याला कृत्रिम पाय लावणे फार अवघड जाते. उशी काढून टाकावी, खुर्चीत बसताना स्टंप लोंबकळत न ठेवता समोर फळीवर सरळ ठेवावा आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर दिवसातून दोन-तीन वेळा वीस मिनिटे पालथे झोपावे. मांडीतून पाय गेलेल्यांसाठी हे पालथे झोपणे औषधाइतके महत्त्वाचे आहे. जखम भरल्यावर स्टंपला आधी मऊ सुती कापडाने, मग टॉवेलने हळूहळू चोळावे, बोटांनी थापटावे. त्वचा अशी सरावली की सॉकेटचा स्पर्श सोसतो.

नसलेल्या पायाची जाणीव, आणि कित्येकदा त्याची वेदना, हा भ्रम नाही आणि मनाचा कमकुवतपणाही नाही. मेंदूतला त्या पायाचा नकाशा शाबूत असतो. मेंदूचे अभ्यासक व्ही. एस. रामचंद्रन यांनी 1990च्या दशकात आरशाचा उपाय मांडला: दोन पायांमध्ये आरसा उभा धरून चांगल्या पायाचे प्रतिबिंब पाहत तो हलवायचा, म्हणजे मेंदूला गेलेला पाय हलताना दिसतो. सर्वांनाच त्याने उतार पडत नाही, पण खर्च एका आरशाचा आहे, तेव्हा करून पाहावा. वेदना तीव्र असेल तर औषधेही आहेत, ती मागायला संकोच करू नये. या जाणिवेचा एक धोका मात्र आजच लिहून ठेवा. रात्री झोपेत उठताना पाय आहे असे वाटते आणि माणूस सरळ पाऊल टाकतो. घरी आल्यानंतर नवव्या रात्री मी असाच पडलो, स्टंपच्या टोकावर, आणि भरत आलेली जखम पुन्हा उघडली. पलंगाच्या ज्या बाजूने उतरता त्या बाजूला कुबड्या हाताला लागतील अशा ठेवाव्यात आणि खोलीत मंद दिवा चालू असावा.

माप कोणाकडे द्यावे

कृत्रिम अवयव तयार करून बसवणाऱ्या तज्ज्ञाला प्रोस्थेटिस्ट म्हणतात आणि आपल्याकडे त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. ही नोंदणी आहे का, हे विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही. महाराष्ट्रात या कामाची जुनी केंद्रे आहेत: पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र 1944 साली युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी सुरू झाले, आणि मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था 1955 पासून आहे. जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती 1975 पासून विनामूल्य पाय बसवते आणि तिची शिबिरे गावोगाव होतात. खाजगी दवाखानेही आता जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचले आहेत.

ठिकाण निवडताना मी पायाच्या किमतीआधी तीन प्रश्न विचारायला सांगतो. पक्के सॉकेट बनवण्याआधी तात्पुरते, चाचणीचे सॉकेट घालून चालवून पाहणार का? पहिल्या वर्षात सॉकेट सैल झाले तर दुरुस्ती किंवा बदल किती वेळा आणि कोणत्या खर्चात करणार? आणि पाय बिघडला तर माझ्या गावापासून जवळ कोण हात लावू शकेल? शिबिरात मिळालेला पाय कमी प्रतीचा असतो असे मुळीच नाही. पण शिबिर दोन दिवसांत उठते, आणि स्टंप तर पुढचे वर्षभर बारीक होत राहतो. म्हणून शिबिरातून निघतानाच पुढच्या दुरुस्तीचा पत्ता वहीत लिहून घ्यावा.

मापाला जाताना रोज घालता तीच चप्पल किंवा बूट बरोबर न्यावा. हे क्षुल्लक वाटते, पण कृत्रिम पावलाचा कोन त्या पादत्राणाच्या टाचेच्या उंचीवर बसवलेला असतो. पुढे कधी जास्त उंच टाचेचा बूट घातला तर नडगी पुढे ढकलली जाते आणि गुडघा दगा देतो. सपाट चप्पल घातली तर सतत चढ चढल्यासारखे वाटते. लग्नकार्यात नवा बूट घालून दिवसभर गुडघा धरून बसलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि दोष पायाला दिला जातो.

सॉकेट बसले की नाही, हे कसे ओळखावे

स्टंपचा प्रत्येक भाग सारखा भार सोसत नाही. गुडघ्याच्या वाटीखालचा जाड पट्टा, नडगीचा आतल्या बाजूचा रुंद भाग आणि पोटरीचे मांस हे दाब सोसतात; नडगीची धार, तिचे कापलेले टोक आणि गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला खाली जाणवणारा हाडाचा गोटा हे सोसत नाहीत. सॉकेट बनवण्याची सारी कला म्हणजे सोसणाऱ्या जागी भार देणे आणि न सोसणाऱ्या जागी मोकळीक ठेवणे. जुन्या पद्धतीत मुख्य भार वाटीखालच्या पट्ट्यावर घेत. हल्ली जेलचा किंवा सिलिकॉनचा लायनर, म्हणजे स्टंपवर चढवायचा मऊ मोजा, मध्ये घालून भार सगळ्या पृष्ठभागावर वाटण्याकडे कल आहे. मांडीच्या स्टंपसाठी सॉकेटचा वरचा काठ बसण्याच्या हाडाला आधार देतो, आणि तो काठ जांघेत रुततो का, हे उभे राहून, बसून आणि चालून असे तिन्ही प्रकारे पाहावे लागते.

माप प्लास्टरने घेतात किंवा आता स्कॅनरने घेऊन संगणकावर आकार दुरुस्त करतात आणि साचा यंत्रावर कोरतात किंवा थ्रीडी प्रिंटरवर छापतात. स्कॅनिंगचा फायदा खरा आहे: अंगाला ओले प्लास्टर लागत नाही, आकार जपून ठेवता येतो आणि दुसरे सॉकेट त्यावरून लवकर बनते. पण स्कॅनरला स्टंपचा पृष्ठभाग दिसतो, आतले हाड कुठे टोचते ते दिसत नाही. ते अनुभवी माणसाच्या अंगठ्यालाच कळते. यंत्र कोणते आहे यापेक्षा बसवणारा किती वेळ देतो, याकडे लक्ष द्यावे.

माझ्या चौथ्या सॉकेटच्या वेळी पारदर्शक प्लास्टिकचे चाचणीचे सॉकेट बनवले होते. त्यात उभे राहिल्यावर दाब पडलेल्या जागी त्वचा पांढरी पडलेली बाहेरून दिसत होती. त्यानंतर प्रोस्थेटिस्टने मऊ मातीची बोराएवढी गोळी सॉकेटच्या तळाशी ठेवली आणि मला पाय घालून भार द्यायला लावला. काढल्यावर गोळी पापडासारखी पूर्ण चपटी झाली असती तर स्टंप तळावर आपटतो आहे असा अर्थ. तशीच गोल राहिली असती तर टोकाला पोकळी आहे आणि तिथे रक्त साकळून त्वचा जांभळी, खरखरीत होणार असा अर्थ. माझी गोळी थोडी दबली होती, तेवढीच दबायला हवी होती. मग बाहेरच्या हाडाच्या गोट्यावर लिपस्टिकचा ठिपका लावून पुन्हा चालवले, आणि सॉकेटच्या आत नेमका जिथे डाग उमटला तिथे उष्णतेने प्लास्टिक बाहेर ओढले. या सगळ्याला पाऊण तास लागला. पहिल्या पायाच्या वेळी, दुसऱ्या ठिकाणी, यातले काहीच झाले नव्हते. 'सुरुवातीला दुखतेच, सवय होईल' असे सांगून मला घरी पाठवले, मीही तीन आठवडे दात ओठ खात चाललो आणि त्याच गोट्यावर जखम झाली. ती भरेपर्यंत दोन महिने कुबड्यांवर काढावे लागले.

म्हणून हा नियम पाठच करावा. पाय काढल्यावर स्टंपवर लाली असणे स्वाभाविक आहे, पण ती दहा-पंधरा मिनिटांत उतरली पाहिजे. सोसणाऱ्या जागेवरची पसरट लाली चालते. हाडावरचा गडद, टिकून राहणारा ठिपका, फोड किंवा सोलवटलेली त्वचा मुळीच चालत नाही. तसे दिसले की पाय घालणे थांबवावे आणि दुरुस्तीला जावे. स्टंपची मागची बाजू दिसत नाही, त्यासाठी हातात धरायचा छोटा आरसा जवळ ठेवावा. मधुमेहामुळे संवेदना कमी झाली असेल तर दुखण्याची वाट पाहू नये, रोज रात्री डोळ्यांनीच तपासावे. आणि उरलेल्या चांगल्या पायाचे तळवे, बोटांच्या बेचक्याही त्याच बैठकीत पाहाव्यात.

पाय अंगाला धरून कसा राहतो

जुन्या पायांत मांडीला बांधायचा पट्टा असे, तो आजही वापरात आहे आणि साध्या कामाला पुरतो. सध्या सर्वांत जास्त दिसतो तो पिन असलेला लायनर. सिलिकॉनचा हा मोजा पूर्ण उलटा करून त्याचा तळ स्टंपच्या टोकाला घट्ट टेकवायचा आणि मग वर गुंडाळत न्यायचा. मध्ये हवेचा फुगा राहिला तर तिथे फोड येतो. तळाची पिन सॉकेटमधल्या कुलपात जाताना टक्‌ टक्‌ असा आवाज होतो. रोज किती टकटक होते ते मोजायची सवय मला फार उपयोगी पडली: सकाळी चार होतात आणि दुपारी सहा-सात झाल्या, म्हणजे स्टंप बारीक होऊन खोल गेला आहे आणि वर एक मोजा चढवायची वेळ झाली आहे. पिनऐवजी हवा बाहेर काढून पकड घेणारी पद्धतही आहे, आणि काही पायांत छोटा पंप सतत निर्वात ठेवतो. त्यात पाय अंगाचाच भाग असल्यासारखा वाटतो आणि स्टंपचा आकार दिवसभर कमी बदलतो, पण गळती झाली तर पकड जाते आणि किंमतही बरीच वाढते.

स्टंपवर घालायचे मोजे वेगवेगळ्या जाडीचे मिळतात, आणि पहिल्या वर्षी हे मोजे म्हणजे तुमचे खरे औजार. घराबाहेर पडताना दोन मोजे पिशवीत असावेत. मोजे वाढवत वाढवत थर फार जाड झाला आणि तरी पाय सैल वाटतो, तर आता नवे सॉकेटच हवे. पहिले सॉकेट वर्षभरात बदलावे लागणे हा कोणाचाही दोष नाही. शरीराचा तो क्रम आहे, आणि पैशांची आखणी करताना तो खर्च आधीच धरावा.

पाऊल आणि गुडघा

पावलाची निवड करताना घरातल्या जमिनीपासून विचार करावा. तुम्ही अनवाणी चालता का, चुलीपुढे किंवा पूजेला मांडी घालून बसता का, भारतीय पद्धतीच्या शौचालयात उकिडवे बसावे लागते का, भाताच्या चिखलात उतरता का? जयपूर फूट याच प्रश्नांतून जन्मले. जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि शल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी यांनी 1968 साली ते घडवले: टाच आणि पुढचा भाग सच्छिद्र रबराचा, घोटा लाकडाचा, आणि वरून पावलाच्याच आकाराचे व रंगाचे रबर साच्यात पक्के केलेले. ते सर्व बाजूंना थोडे वळते, बुटाशिवाय चालते आणि पाण्याने बिघडत नाही. पाश्चात्त्य पद्धतीचे ताठ घोट्याचे, मऊ टाचेचे पाऊल स्वस्त आणि टिकाऊ आहे, पण ते बुटासाठी बनलेले असते.

कार्बन फायबरचे पाऊल धनुष्यासारखे वागते. टाच टेकताना ते दबते, ऊर्जा साठवते आणि पाऊल उचलताना ती परत देते. स्वतः पाय गमावलेल्या व्हॅन फिलिप्स या अमेरिकन माणसाने 1980च्या दशकात हे पाऊल आणले. भरभर चालणाऱ्याला, चढ-उतार करणाऱ्याला त्याचा फरक खरोखर जाणवतो. मीही आता तेच वापरतो. परंतु घरातल्या घरात, काठीच्या आधाराने चालणाऱ्या वृद्धाला ते दबवण्याइतका जोर टाकताच येत नाही, आणि मग जास्तीचे पैसे वाया जातात. चांगला प्रोस्थेटिस्ट तुमची चाल पाहून चालण्याची पातळी ठरवतो आणि त्या पातळीला शोभेल तेच पाऊल सुचवतो. त्याने हे न करता थेट किंमतपत्रिका पुढे केली, तर दुसरा सल्ला घ्यावा.

गुडघा स्वतःचा असेल तर अर्धी लढाई जिंकली आहे. मांडीतून पाय गेलेल्यांना मात्र कृत्रिम गुडघाही हवा, आणि तिथे तंत्रज्ञानाचा फरक सुरक्षिततेचा फरक असतो. एका बिजागरीचा गुडघा साधा, पण त्यावर भार देताना तो मिटू नये यासाठी खुब्याच्या स्नायूंनी सतत सावध राहावे लागते. चार दांड्यांच्या जोडणीचा गुडघा उभे असताना जास्त स्थिर राहतो आणि पाय पुढे टाकताना किंचित आखूड होतो, त्यामुळे चवडा जमिनीला घासत नाही. जयपूर समिती आणि अमेरिकेतले स्टॅनफर्ड विद्यापीठ यांनी मिळून नायलॉनचा स्वस्त गुडघा याच तत्त्वावर बनवला, आणि आयआयटी मद्रासने 2022 साली 'कदम' हा देशी गुडघा आणला. माझ्या मते बहुसंख्य लोकांसाठी हा वर्ग पुरेसा आणि समंजस आहे.

त्यापुढचा टप्पा मायक्रोप्रोसेसर गुडघ्याचा. जर्मनीच्या ओटोबॉक कंपनीने 1997 मध्ये सी-लेग हा गुडघा आणला, तिथून ही वाट रुळली. गुडघ्याचा कोन आणि पायावरचा भार संवेदक सेकंदाला अनेक वेळा मोजतात आणि त्याप्रमाणे आतल्या तेलाचा अवरोध कमी-जास्त होतो. अडखळल्यावर गुडघा एकदम मिटत नाही, उतारावर आणि जिन्यावरून उतरताना तो भार धरून हळूहळू वाकतो, आणि त्यामुळे पडण्याची भीती कमी होते. मात्र एक समज दूर करावा: असे बहुतेक गुडघे अवरोध देतात, स्वतःच्या जोराने तुम्हाला उचलत नाहीत, मोटारीने जोर देणारे गुडघे वेगळे, जड आणि फारच महाग असतात. घेण्याआधी विचारावे की रोज चार्ज करावा लागेल का, वीज संपल्यावर गुडघा ताठ राहतो की मोकळा होतो, पावसात भिजलेला चालतो का, आणि तपासणीसाठी कंपनीकडे गेला तर त्या दिवसांत पर्यायी गुडघा मिळेल का. भारनियमन असलेल्या गावात पहिला प्रश्न शेवटच्या प्रश्नाइतकाच गंभीर आहे.

कृत्रिम हाताबद्दल थोडक्यात, कारण माझा अनुभव पायाचा आहे. खांद्याच्या पट्ट्याने आणि तारेने उघडणारा दुभंगलेला आकडा, म्हणजे हुक, 1912 पासून जवळजवळ त्याच स्वरूपात टिकून आहे, कारण तो हलका आहे, त्यातून वस्तू दिसते आणि किती जोर लागतो ते तारेच्या ताणातून कळते. मायोइलेक्ट्रिक हातात उरलेल्या स्नायूंच्या आकुंचनातून येणारे सूक्ष्म विद्युत संकेत त्वचेवरचे इलेक्ट्रोड टिपतात आणि त्यावर बोटांच्या मोटारी चालतात. 2007 पासून प्रत्येक बोट वेगळे हलणारे हात बाजारात आहेत. ते दिसायला सुंदर आणि हलक्या कामाला उपयोगी असतात, पण वजन, घाम, पाणी आणि सराव यांचा हिशेब आधी करावा, आणि शक्य असेल तर घेण्यापूर्वी स्नायूंचे संकेत पुरेसे येतात का याची चाचणी करून घ्यावी.

पहिले पाऊल आणि पुढचे आठवडे

पाय मिळाला त्या दिवशी दिवसभर घालून बसण्याचा मोह आवरावा. पहिल्या दिवशी तासभर पुरे, त्यातही मध्ये एकदा काढून त्वचा पाहावी. त्वचा ठीक राहिली तर रोज थोडा-थोडा वेळ वाढवावा. सरावासाठी दोन्ही हातांनी धरायच्या समांतर दांड्यांमध्ये सर्वांत आधी शिकायचे ते चालणे नव्हे, भार देणे. कृत्रिम पायाखाली घरातला वजनकाटा ठेवून, चांगला पाय तेवढ्याच उंचीच्या फळीवर ठेवून, अंगाचा अर्धा भार खरोखर तिकडे जातो का ते पाहावे. माझ्या पहिल्या प्रयत्नात काटा बारा किलोवर थांबला होता, आणि मला वाटत होते की मी पूर्ण भार दिला आहे. भार देता येत नाही तोवर लंगडणे जात नाही.

चालताना जे वाटते ते प्रोस्थेटिस्टला तंतोतंत सांगावे. 'बरे वाटत नाही' एवढ्याने त्याला काही कळत नाही. 'टाच टेकताच गुडघा पुढे ढकलला जातो', 'टेकडी चढल्यासारखे होते', 'पाऊल बाहेर फेकले जाते', 'पाय लांब वाटतो, चवड्यावर उचलून टाकावा लागतो', अशा एकेका वाक्यावरून तो पावलाच्या वरच्या जोडावरचे बारीक स्क्रू फिरवून कोन बदलतो. हे स्क्रू घरी कोणीही फिरवू नयेत. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कृत्रिम पाय आधी, आणि कठडा नेहमी हाताशी.

घामाचा त्रास उन्हाळ्यात सर्वांना होतो. दुपारी एकदा लायनर काढून स्टंप व लायनर दोन्ही कोरडे पुसून पुन्हा घालणे हा त्यावरचा खरा उपाय आहे. लायनर रोज रात्री कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने आतून धुवावा, साबण पूर्ण काढावा, उन्हात वाळवू नये. स्टंपही रात्रीच धुवावा, कारण सकाळी धुतला तर ओलसर त्वचा सॉकेटमध्ये फुगते. पावसाळ्यात चिखल घोट्याच्या जोडात शिरतो, तेव्हा घरी आल्यावर पाय उघडा करून कोरड्या कापडाने पुसावा. एखादा स्क्रू सैल वाटला, नवा करकर आवाज आला किंवा पावलाच्या रबराला चीर दिसली, तर दुसऱ्या दिवसावर ढकलू नये.

कागदपत्रांचे काम शस्त्रक्रियेनंतर लवकर उरकावे. जिल्हा शासकीय रुग्णालयातून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, मिळते. केंद्र सरकारची एडिप योजना 1981 पासून आहे. तिच्यात चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व आणि ठरलेल्या उत्पन्नमर्यादेच्या आतले कुटुंब अशा अटींवर कानपूरच्या अलिम्को या सरकारी कारखान्याची साधने मिळतात. अर्जासोबत उत्पन्नाचा दाखला लागतो, तो तहसीलमधून आधीच काढून ठेवावा.

पायाचे हाड आणि धातू थेट जोडण्याचे तंत्र, म्हणजे ऑसिओइंटिग्रेशन, याबद्दल हल्ली पुष्कळ विचारले जाते. टायटॅनियम हाडाशी एकजीव होते हे स्वीडनच्या प्येर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना 1950च्या दशकात आढळले, आणि 1990 साली मांडीच्या हाडात दांडा बसवून त्यावर पाय जोडण्याची शस्त्रक्रिया तिथेच झाली. यात सॉकेटच नसते, त्यामुळे ज्यांचा स्टंप फार आखूड आहे किंवा ज्यांना कोणतेच सॉकेट सोसत नाही, त्यांना याचा मोठा आधार होऊ शकतो. पण त्वचेतून धातू कायम बाहेर येत असल्याने जंतुसंसर्गाचा धोका जन्मभर राहतो. चांगले सॉकेट मिळवण्याचे सर्व प्रयत्न झाल्याशिवाय या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नवे सॉकेट मिळाले की जुना पाय देऊन किंवा टाकून देऊ नका. मोजे वाढवून तो अजून तासभर तरी घालता येतो, आणि नवा पाय दुरुस्तीला गेलेल्या आठवड्यात न्हाणीघरापर्यंत जायला तेवढे पुरते. माझा तिसरा पाय अजून न्हाणीघराच्या दारामागे आहे. अंघोळीला तोच घालतो, म्हणजे रोजच्या कृत्रिम पायाचा लायनर कोरडा राहतो.